घंटा वाजली नाही तर

वत्सलाबाई दिवे यांच्या नाकावर बसलेली माशी आजवर कुणी पाहिली नव्हती. गोदाकाठी, सायखेड्याच्या थोडं खालच्या अंगाला त्यांचं गाव. गावातलं चर्च म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली, पुढे ओटा, आणि ओट्यासमोर दोन दगडी खांबांत टांगलेली पितळी घंटा. नवरा शमुवेल त्या चर्चची राखण करायचा, घंटाही तोच वाजवायचा. तो गेला तेव्हा आसपासच्या ख्रिस्ती घरांनी मिळून नवा माणूस नेमायचं ठरवलं. पण बैठक बसायच्या आधीचा रविवार उजाडला तर बाईंनी पदर खोचला, दोर हातात घेतला आणि घंटा वाजवली. मग नेमणुकीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पुढे कित्येक वर्षं ती घंटा एकाही रविवारी चुकली नाही. बाईंना ताप असो, घरात पाहुणे असोत, घंटा वाजायची ती वाजायचीच. उपासनेला जो आला नाही त्याची सोमवारच्या बाजारात खैर नसे. "काय रे काळू, काल देवाला सुट्टी दिली व्हय?" असं त्या मेथीच्या जुड्या निवडता निवडता चारचौघांत विचारत. काळू बिचारा मिशा असलेला बाप्या, पण जुडी तशीच टाकून सटकायचा. माणसं देवाला भीत होती की नाही ते देव जाणे, वत्सलाबाईंना मात्र भीत होती.

एक लंकाबाई तेवढी भीत नसे. दोघी एकाच माहेरच्या, एकाच वर्षी लग्न होऊन या काठाला आलेल्या. वत्सलाबाई नदीच्या अलीकडे, लंकाबाई पलीकडे, एका बागाईतदाराच्या मळ्यावर. नवऱ्यामागं ती तिथली कांदा साठवायची चाळ सांभाळत एकटीच राहायची. मधे गंगा. त्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेवर बुटकी फरशी होती, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल, उन्हाळ्यात बैलगाडी जाई आणि पावसाळ्यात कधी कधी नुसतं पाणीच. लंकाबाईकडे घड्याळ नव्हतं. घंटेचा पहिला टोला ऐकला की ती चुलीतली लाकडं मागं ओढायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि निघायची. उपासना झाली की दोघी ओट्यावर बसून चहा पीत, आणि गावातलं एकही घर त्यांच्या जिभेच्या तडाख्यातून सुटत नसे.

त्या मंडळीत कुणी वारलं की घंटा वेगळी वाजायची. एक टोला, मग थांबायचं, आवाज पार विरून गेला की दुसरा. असंच एकदा एका म्हाताऱ्याला माती देऊन सगळे परतले होते. ओट्यावर बसता बसता लंकाबाई म्हणाली, "आमी मेलो तर तू वाजवशील. तू मेलीस तर कोन वाजवील गं?"

"कोनी नाय," वत्सलाबाई म्हणाल्या. "रविवारी घंटा वाजली नाय का समज, वत्सला गेली. मंग ये. आन् उगं गळा काढू नको, आलेल्या लोकांना चहा कर."

दोघी पोट धरधरून हसल्या. माती देऊन आलेल्या बायांनी असं हसू नये म्हणून कुणीतरी खाकरलं, तशा आणखी हसल्या.

नव्वदीचं दशक संपता संपता नाशिकहून नवे पाळक येऊ लागले, मयूर लोंढे. तरुण, सरळ मनाचे. दर रविवारी स्कूटरवरून तीन गावांच्या उपासना घेत. एका श्रावणात त्यांची स्कूटर चिखलात घसरली, कोपर फुटलं. आत आले तर चिंब भिजलेली म्हातारी माणसं बाकांवर कुडकुडत बसलेली. त्यांनी उपासना आटोपली आणि सगळ्यांना थांबवून घेतलं.

"फार पाऊस असेल त्या रविवारी उपासना रद्द करू," ते म्हणाले.

"रद्द कराया हा काय सिनेमाचा खेळ हाय, साहेब?" वत्सलाबाईंनी लगेच विचारलं.

"बाई, देवाला घरी बसूनही हाक मारता येते. त्यासाठी पुरातून यायला नको."

"जो घरी बसतो तो हाक मारीत नाय. तो झोपतो."

लोक हसले. पाळकही हसले, पण मागे हटले नाहीत. "ही माणसं भक्तीने येतात की तुमच्या धाकाने, हे तरी मला कळू द्या," ते म्हणाले. बाईंना ते झोंबलं. दोघंही खरंच बोलत होते, आणि पंचाईत होती ती हीच. त्या दिवशी काहीच ठरलं नाही.

ठरलं ते पुढच्या रविवारी, आणि तेही कुणाशी न भांडता. रात्रभर झड लागलेली. बाईंनी नेहमीसारखी घंटा वाजवली. लंकाबाई आली ती कमरेपर्यंत ओली. फरशीवर गुडघ्याच्या वर पाणी होतं, एक चप्पल वाहून गेली होती, हातात कुणाच्या तरी कुंपणाची काठी. "तुझी घंटा वडून आनती गं मला," असं म्हणून ती हसत होती आणि तिचे दात वाजत होते. वत्सलाबाईंनी तिला फडाफडा बोलून घेतलं, स्वतःचं लुगडं दिलं. पण गीत चालू असताना त्यांची नजर बाहेरच्या दोराकडेच जात राहिली. आपण इकडून दोर ओढतो आणि त्याचं दुसरं टोक लंकीच्या कमरेला बांधलंय, असं त्यांना वाटू लागलं. त्या भ्याल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्याच घंटेची भीती वाटली.

लंकाबाई पाणी ओसरल्यावर परत गेली, तशा बाई पाळकांना म्हणाल्या, "तुमी म्हनता तसं करू. घंटा नाय वाजली म्हंजी उपासना नाय."

पाळकांनी पुढच्या रविवारी तसं जाहीर करून टाकलं. सगळ्यांना कळलं. एक लंकाबाई तेवढी नव्हती, लेकीच्या बाळंतपणासाठी ती विंचूरला गेली होती. आठवड्याच्या मध्यावर ती मळ्यावर परतल्याचं कानावर आलं. फरशी ओलांडून सांगून यावं असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण पाऊस होता, गुडघे दुखत होते, आणि रविवारी भेट होणारच होती. रविवारी सांगू, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं.

तो रविवार आला तो आभाळ फाटल्यासारखा. धरणातून पाणी सोडलं होतं, गंगा काठावर चढत होती. सकाळीच पाळकांचा किराणा दुकानात फोन आला, आज नको. वत्सलाबाई ओट्यावर बसून राहिल्या. समोर दोर पावसात लोंबत होता आणि त्यांचे हात शिवशिवत होते. नेहमीची वेळ आली, गेली. शेवटी त्या उठल्या, शेजारच्या आपल्या घरात जाऊन चुलीवर आधण ठेवलं. लंकी आता घोंगडी पांघरून चुलीपाशी बसली असेल, आपल्याला शिव्या देत असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं. काही न करताही देवाची सेवा होते, हे त्यांना त्या दिवशी पटलं होतं.

चहा उकळायच्या आत काळू पळत आला. "वत्सलामावशी, फरशीवर पल्याडची बाई हाय."

त्या पोचल्या तेव्हा फरशीवर कुणीच नव्हतं. तांबडं पाणी नुसतं सुसाट चाललं होतं. खालच्या अंगाला एका बाभळीत लंकाबाई अडकली होती. काळूने आणि आणखी दोघांनी बैलगाडीचे जाड दोर बांधून तिला ओढून काढली, चर्चच्या ओट्यावर आणून टाकली. बाईंनी तिचे हात चोळले, पाय चोळले, नाव घेऊन घेऊन हाका मारल्या.

बऱ्याच वेळाने लंकाबाईने डोळे उघडले. बाभळीच्या काट्यांनी फाटलेला हात वर उचलून तिने वत्सलाबाईंचा गाल चाचपला.

"जिती हायस व्हय?" ती म्हणाली. "घंटा नाय वाजली. म्या म्हनलं, गेली. चहा कराया येत व्हते."

ज्या वत्सलाबाईंच्या जिभेला सारा गाव टरकून होता, त्यांना एवढंही सांगता आलं नाही की अगं, तू येऊ नयेस म्हणूनच वाजवली नाही. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

पोटात आणि छातीत गेलेलं पाणी लंकाबाईला बाधलं. नाशिकच्या दवाखान्यात आठवडाभर ताप उतरला नाही, आणि मग ती गेली. मातीच्या दिवशी बाईंनी घंटा वाजवली. एक टोला, मग थांबायचं, मग दुसरा. पाळक शेजारी छत्री धरून उभे होते. मधेच ते रडू लागले. "बाई, माझी चूक झाली," ते म्हणाले.

"तुमची नाय, साहेब. तुमचं बोलनं बरोबर व्हतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा टोला दिला. आपल्या चुकीचं मात्र त्या कुणापाशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर बाजारात त्यांनी कुणालाच हटकलं नाही. काळू एकदा मुद्दामच समोर येऊन म्हणाला, "मावशी, काल मी आलो नव्हतो." त्यांनी मान हलवली आणि मेथी घेतली. काळूला रडू यायचं बाकी राहिलं.

नियम मात्र मोडला नाही. आजही फार पाऊस असला की पाळकांचा फोन येतो आणि घंटा वाजत नाही. माणसं घरी राहतात, कुणी प्रार्थना करतं, कुणी झोपतं. वत्सलाबाई तेवढ्या अशा रविवारी घरी नसतात. नेहमीच्या वेळेला त्या छत्री घेऊन फरशीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहतात आणि पाणी उतरेपर्यंत पलीकडच्या काठाकडे बघत राहतात. कांद्याच्या चाळीपाशी आता दुसरं बिऱ्हाड आहे, ते ख्रिस्तीही नाही, त्यांना घंटेशी काही देणंघेणं नाही. तिकडून कुणी येणार नाही हे बाईंना ठाऊक आहे. तरी त्या छत्री उंच धरून उभ्या असतात. घंटा वाजली नाही म्हणून कुणी निघालंच, तर त्याला इथूनच दिसावं की वत्सला जिवंत आहे.