सहाव्या पत्रकातला बांध

२०१५च्या आसपास दोनेक वर्षं मी सिंगापूरमध्ये बसून फ्रान्समधल्या एका जुन्या गावाभोवती पळण्याच्या वाटा आखत होतो. ते गाव मी तेव्हा पाहिलं नव्हतं आणि अजूनही पाहिलेलं नाही. तरी त्याच्या वेशीतून बाहेर पडल्यावर गिरणीचा बंधारा कुठल्या हाताला लागतो, हे मी आजही झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

कंपनी छोटी होती. परक्या गावात मुक्कामाला आलेल्या माणसाला सकाळी पळायला जावंसं वाटलं, तर त्याच्या फोनवर वाट दाखवायची, हा आमचा धंदा. त्या गावाच्या पर्यटन कार्यालयाने आम्हाला बारा वाटा दिल्या होत्या. मी मुळात सॉफ्टवेअर तपासणारा, लिहिणारा नव्हे. पण आमच्या मॅनेजरबाईंनी माझी एक ईमेल वाचली आणि वाटांची पत्रकं माझ्याकडे दिली. त्या सिंगापूरच्याच, चिनी वंशाच्या, वर्षाला तीन मॅरेथॉन पळणाऱ्या. मी म्हणालो, माझं इंग्रजी साधं आहे, तालुक्याच्या शाळेतलं.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या, इथल्या सगळ्यांसारखं वाक्याला 'लाह' जोडत. "पळणाऱ्याला धाप लागलेली असते, लाह. त्याला निबंध नको असतो."

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आपल्या तोकड्या इंग्रजीचा कुणाला उपयोग होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना मुद्दाम फोन केला होता. त्यांना नीट कळलं नाही मी काय करतो ते, पण आनंद झाला.

काम असं होतं. उपग्रहाने काढलेल्या चित्रावर वाट शोधायची, रेघ ओढायची आणि मग सूचना लिहायच्या. नदी डाव्या हाताला ठेवा. दगडी धुणीघर संपलं की चढ. तिसऱ्या पॉप्लरच्या झाडानंतर उजवीकडे. मीटरमध्ये अंतर देण्यापेक्षा झाड, पूल, विहीर सांगितली तर माणूस चुकत नाही, हे मला गावाकडून येतानाच ठाऊक होतं. प्रत्येक पत्रकासोबत एक तक्ताही भरायचा असे. वाटेच्या प्रत्येक तुकड्यापुढे रकाना होता: ही वाट सर्वांना खुली आहे का? आणि कशावरून?

पत्रक तयार झालं की ते त्या गावातल्या एका गृहस्थांकडे जाई. ते निवृत्त दंतवैद्य होते, वय एकाहत्तर, तिथल्या पळणाऱ्यांच्या मंडळातले सगळ्यात जुने. ते प्रत्येक वाट स्वतः पळून बघत आणि मला लिहीत. त्यांच्या ईमेल आमच्याकडे दुपारी जेवणानंतर येत. "चौथं वाक्य किडलं आहे, काढून टाकावं," असं एकदा त्यांनी लिहिलं होतं. मी ते काढलं, आणि सूचना खरंच बरी झाली.

मॅनेजरबाईंनी मला आणखी एक अट घातली होती. जितक्या लांबीची वाट लिहायची, तितकं अंतर मी स्वतः पळायचं, हातात पत्रक घेऊन. आम्ही शहराच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सला राहत होतो. रोजचं मी तिथल्याच फुटपाथवर पळे, पण तिथे सगळं सिमेंटचं, आणि माझ्या फ्रेंच वाटा मातीच्या. म्हणून रविवारी मी पुलाउ उबीन नावाच्या बेटावर जाऊ लागलो. चांगीच्या धक्क्यापर्यंत पोचायलाच दीड तास लागे. बारा माणसं जमली की होडी सुटे. बेटावर उतरलं की जुनी लाकडी घरं, नारळाची झाडं, लाल माती. मी पत्रक उघडून पळायला लागे. दगडाच्या खाणीचं तळं म्हणजे नदी, चिनी देऊळ म्हणजे चर्च. एका म्हाताऱ्या बाईच्या घरामागून, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून एक पायवाट होती. ती मी शेताच्या बांधाच्या जागी धरली होती.

घरी परतलो की बायको माझे बूट बघून विचारी, "आलात का फ्रान्सहून? मग तिकडची माती बाहेरच झटका."

सहावं पत्रक मला सगळ्यात आवडत होतं. वेशीतून खाली नदीकडे, मग गिरणी, मग पॉप्लरची रांग, चढ, आणि वर गव्हाच्या मोठ्या शेतांचं पठार. तिथे दोन शेतांच्या मधून कुंपणाला लागून एक फिकट रेघ दिसत होती. तिथून वळलं की समोर थेट चर्चचे मनोरे. मी त्या तुकड्यापुढे लिहिलं: हो, खुली. कशावरून? शेताचा बांध आहे, पायवाट दिसते.

हे लिहिताना मला जराही शंका आली नाही. माझे वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं, हे बघण्यासाठी ते दिवसभर पाटाच्या चारीवरून आणि बांधांवरून चालत. शाळा त्यांच्या वाटेवर होती. सकाळी ते पुढे आणि दप्तर घेऊन मी मागे, असे आम्ही लोकांच्या शेतांमधून जायचो. उसाच्या कडेने, कांद्याच्या वाफ्यांमधून. लोक रामराम करायचे, कुणी हातावर शेंगा ठेवायचं. बांध म्हणजे वाट, हे माझ्या पायांना अक्षरं गिरवायच्या आधीपासून माहीत होतं.

नोव्हेंबरात दंतवैद्यांची ईमेल आली. नेहमीपेक्षा लांब होती. त्या पठारावर आता नांगरट झाली होती, नांगर थेट कुंपणापर्यंत गेला होता. बांध असा काही उरलाच नव्हता. मला नेमकं कळवता यावं म्हणून त्यांनी रेघेवरूनच जायचं ठरवलं, तर ओल्या चिकणमातीत पाय रुतला आणि घोटा मुरगळला. शेतकरी ट्रॅक्टरवर होता. तो उतरून आला आणि त्याने विचारलं, माझ्या शेतात तुम्ही काय करताय? यांनी फोन दाखवला. शेतकऱ्याने रेघ बघितली आणि विचारलं, ही कुणी काढली?

"मला उत्तर देता आलं नाही," त्यांनी लिहिलं होतं. "डॉक्टर म्हणतो, तीन आठवडे पळायचं नाही. माझ्या वयात तीन आठवडे थांबलेला माणूस पुन्हा सुरू करतोच असं नाही."

मॅनेजरबाईंनी माझ्या आधीच त्यांना उत्तर पाठवलं होतं: चित्र जुलैतलं होतं, कापणीनंतरचं, त्यामुळे गैरसमज झाला, दिलगीर आहोत. ते खोटं नव्हतं. बाईंनी तक्ता उघडून पाहिलाच नव्हता, आणि पाहण्याचं कारणही आता उरलं नव्हतं. जानेवारीत माझ्या पासचं, म्हणजे इथे काम करायच्या परवान्याचं, नूतनीकरण होतं. कागद त्यांच्याच शिफारशीने जाणार होते. बायकोचं इथलं राहणंही माझ्याच पासवर. चित्राला दोष दिला तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. मी दोन दिवस गप्प राहिलो. खरं सांगायचं तर मला तेव्हाही वाटत होतं की चूक नांगरटीची आहे. बांधावरून जाऊ न देणारा शेतकरी मला विचित्रच वाटत होता.

रविवारी सकाळी वडिलांना फोन केला. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांना आधी गंमत वाटली.

"म्हणजे तिकडंबी बांधावरनं भांडणं हायेत?"

"भांडण नाही हो. पण आपण जायचो तेव्हा आपल्याला कधी कुणी अडवलं नाही ना?"

"मला कोण अडवील? पाणी माझ्या हातात हुतं."

"आणि मला?"

"तू माझ्या मागं हुतास."

मी विचारलं, मग बाकीचे कसे यायचे? बहुतेक मी हे विचारतोय याचंच त्यांना नवल वाटलं.

"वस्तीवरची पोरं सडकेनं यायची, वळसा घालून. तुझ्या वर्गात नव्हती का ती दोघं भाऊ? एकदा धाकटा बांधावरनं आला तर त्या मळेवाल्यानं त्याचं दप्तर पाटात टाकलं. मीच काढून दिलं. तुला ठावं नाही?"

मला ठाऊक नव्हतं. मला ते दोघे भाऊ आठवत होते. त्यांचं घर शाळेपासून आमच्यापेक्षा जवळ होतं, आणि तरी ते रोज उशिरा यायचे. रोज छडी खायचे. मी पहिल्या बाकावर वेळेवर बसलेला असायचो आणि मला वाटायचं, हे वाटेत खेळत बसतात. धाकट्याने सातवीत शाळा सोडली. मला वेळेवर हजर राहिल्याबद्दल दरवर्षी वही मिळायची. त्या वहीचा मला आजवर अभिमान होता, आणि ती माझ्या पायांची कमाई आहे असं मी समजत होतो.

"अण्णा," मी म्हणालो, "मग मी चुकीचं लिहिलं."

"मग सांग की त्यांना. त्यात काय," ते म्हणाले, आणि कांद्याचा भाव सांगायला लागले.

सोमवारी मी तक्ता छापून मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवला, माझ्या उत्तरावर बोट ठेवलं आणि आमच्या गावाकडे बांध म्हणजे वाटच असते, हे सांगितलं. त्यांनी वाचलं.

"कशावरून, या रकान्यात तू तुझं गाव लिहिलंस?"

"हो."

"आणि बाकीच्या पत्रकांत?"

मी सांगितलं की मला माहीत नाही, बघावं लागेल. बघितलं तर आणखी तीन पत्रकांत मी असेच बांध खुले करून टाकले होते. चार पत्रकं मागे घ्यावी लागली आणि काम जवळपास महिनाभर लांबलं. मॅनेजरबाई खूप दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. खरं बोललास, बरं केलंस, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पास मिळाला, पण दोन वर्षांऐवजी एका वर्षाचा. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "एक वर्ष तर एक वर्ष. तुम्ही आधी जेवा." तिने मला दुसरं काही विचारलं नाही, याचे उपकार मी अजून मानतो.

दंतवैद्यांना मी स्वतंत्र पत्र लिहिलं. शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं: रेघ मी काढली. कशी काढली तेही लिहिलं, पाटासकट. त्यांचं उत्तर दहा दिवसांनी आलं. घोट्याची सूज उतरत होती. ते काठी घेऊन त्या शेतकऱ्याकडे गेले होते आणि त्याला विचारलं होतं की कापणी ते नांगरट या दिवसांत तरी लोकांना जाऊ देशील का. त्याने नाही म्हटलं. "पण त्याने कॉफी दिली," त्यांनी लिहिलं होतं. "आणि म्हणाला, एवढी वर्षं लोक येतात, विचारायला तुम्ही पहिले आलात. तेव्हा आपली वाट दफनभूमीच्या भिंतीकडेने न्यावी. सव्वा किलोमीटर वाढेल. मनोरे तिथूनही दिसतात, थोडे उशिरा." फेब्रुवारीत ते पुन्हा पळू लागले. आधी चार मिनिटं पळणं, मग एक मिनिट चालणं, असं त्यांनी मला कळवलं.

सहावं पत्रक नव्याने लिहिलं आणि अटीप्रमाणे ते पळायला मी उबीनला गेलो. देवळावरून वळलो, आणि त्या म्हाताऱ्या बाईच्या घरामागच्या वाटेशी येऊन थांबलो. दीड वर्ष मी तिथून जात होतो. बाई ओसरीवर भाजी निवडत होत्या. मी दम खात विचारलं, आंटी, इथून गेलं तर चालेल का?

त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"दर रविवारी पळतोस," त्या म्हणाल्या, "आणि आज विचारतोस?"

त्यांनी हातातल्या देठाने खुराड्याकडे दाखवलं.

"कोंबडी अंड्यांवर बसलीये. तू धपधप करत गेलास की उठते ती. पिल्लं निघेपर्यंत तिकडून, रस्त्याने जा, लाह."

मी रस्त्याने गेलो.