मण्यारीखालची ओळ

माझ्या तोंडून निघालेला साप नेहमी बारा हातांचाच असतो. वर्गातल्या पोरांना हे ठाऊक होतं. मी सांगितलेला पूर कळंबच्या देवळाच्या पायऱ्या धुऊन परत जायचा आणि मी पाहिलेला वाघ ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून जांभया द्यायचा. म्हणून सहावीला माहितीची पुस्तकं कशी असतात हे शिकवायची वेळ आली, तेव्हा मी आधीच कबुली देऊन टाकली. "पोरांनो, गोष्टीत माझं चालतं. पण माहितीच्या पुस्तकात सर बोंबलले तरी छापलेलं पाहायचं. चित्राखालची ओळ वाचायची, मागची शब्दांची यादी उघडायची. तिथं वाढवून सांगायला जागा नसते."

आता हे समजावून सांगण्यापेक्षा पोरांकडून एक पुस्तकच करवून घ्यावं, असं ठरवलं. विषय त्यांनीच निवडला: आपल्या शेतातले साप. एका गटानं वनखात्याच्या तक्त्यावरून चित्रं काढली, दुसऱ्यानं चित्रांखालच्या ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहिल्या, तिसऱ्यानं शीर्षकं आणि अनुक्रमणिका केली, चौथ्यानं शेवटची शब्दार्थांची यादी. प्रत्येक गटाला एक मुकादम. यादीच्या गटाची मुकादम एक पोरगी होती, ती शंका काढायला लागली की वकील परवडला. शेवटी सगळ्या पट्ट्या चिकटवायचं काम मी अंगावर घेतलं, कारण पोरं गोंद पुस्तकाला कमी आणि एकमेकांच्या केसांना जास्त लावत होती.

आमच्या शाळेत घरवाचनाची पद्धत आहे. रोज एका पोरानं पुस्तक घरी न्यायचं आणि घरच्यांना पानापानानं वाचून दाखवायचं. पहिली पाळी त्या मुकादमीण बाईची आली. तिचं घर गावाबाहेर, शेतातच.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, पण कागदपत्रं पुरी करायला मी आलो होतो. दुपार कलल्यावर राळेगावची एस.टी. यायची वाट पाहत पानठेल्याशी उभा राहिलो आणि आमच्या पुस्तकाचे फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. कौतुकाचे अंगठे धडाधड उगवले. मी प्रत्येक अंगठा चवीनं पाहत होतो. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "सर, पान सहावरचा हा मण्यार वाटतो. खाली कवड्या कसं?"

मी फोटो मोठा केला. पोरांनी काढलेला मण्यार, काळाभोर, पांढऱ्या रेघांचा, अस्सल. आणि त्याखाली माझ्या हातानं, नीट सरळ चिकटवलेली पट्टी: "कवड्या. बिनविषारी. मारू नये." समोरच्या पानावर बिचाऱ्या कवड्याला अतिविषारी करून ठेवलं होतं.

सोयाबीन काढणीचे दिवस. ताडपत्र्या, ढीग, भुशाचं कुटार, आणि त्याखाली काय काय. पोरीच्या वडिलांचा फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. पानठेल्यावाल्याची सायकल उचलली आणि निघालो. अंतर तीन किलोमीटर. एरवी मी तीस सांगितलं असतं, पण त्या दिवशी ते तीनच फार झाले. चेन दोनदा उतरली.

खळ्यावर पोहोचलो तेव्हा तिची माय कुटार गोळा करत होती. पोरगी पुस्तक घेऊन उकिडवी बसली होती. समोर पालथं टोपलं, वर दगड. आणि तिचे आजोबा, आबाजी, हातात झाकण काढलेली बरणी घेऊन टोपल्याजवळ बसत होते.

"सर, कवड्या!" पोरगी ओरडली. "ताडपत्रीखाली भेटला. आबाजी मारून राह्यले होते, म्याच मारू नाई दिला. उद्या शाळेत आणतो!"

आबाजींचा हात टोपल्याच्या कडेखाली जात होता.

"हात काढा! आबाजी, हात काढा! मण्यार आहे तो! माणूस सकाळ पाहत नाही!"

आबाजी हसले. "किती हाताचा हाय म्हणता मास्तर? का आज वाघ बी हाय संग?"

"खरं सांगतो हो!"

"तुमी रोजच खरं सांगता," माय तिकडून म्हणाली.

पोरीनं पान सहा उघडून माझ्या नाकासमोर धरलं. "तुमीच सांगतलं नं, सर बोंबलले तरी छापलेलं पाह्याचं? हे पाहा. बिनविषारी."

"ती पट्टी चुकीची आहे, पोरी. मीच चुकवली. माझं ऐकू नको. तुझी यादी काढ. तू लिहिलेली."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पानं उलटली. बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली, एकेक शब्द, जणू तिला कुठं जायचंच नव्हतं. "मण्यार. पांढऱ्या रेघा शेपटीकडे ठळक, मानेकडे पुसट. कवड्या. रेघा मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट."

आबाजींनी हात मागे घेतला, तुराटीची एक काडी उचलली आणि टोपल्याची कड बोटभर वर केली. मी आणि पोरगी चार हात लांब जमिनीला गाल लावून पाहू लागलो. उन्हाची तिरीप आत गेली. शेपटी दिसली. कोणी चुन्याचं बोट फिरवावं तशा लख्ख रेघा.

"शेपटीकडे हायेत, सर," पोरगी म्हणाली.

आबाजींनी कड हळूच खाली टेकवली. मग आपल्या हाताकडे पाहिलं. "पण दुपारी म्या हातानंच उचलला त्याले. गुंडाळून बसला होता. गरीब वाटला."

पोरगी यादीतली पुढची ओळ वाचत होती. तिचा आवाज बारीक झाला. "दिवसा सुस्त असतो. चावलेलं पुष्कळदा कळत नाही. काही वेळानं पापण्या जड होतात."

आम्ही तिघंही आबाजींच्या पापण्यांकडे पाहायला लागलो.

"अशे काय पाहून राह्यले बे? म्या का नवरदेव हाव?" आबाजी म्हणाले, पण बरणी त्यांच्या हातातून सुटली.

शेजारच्या शेतातली मोटरसायकल मागितली. पुढे तिचा मालक, मध्ये आबाजी, मागे मी त्यांना धरून. टोपल्यापाशी माय काठी घेऊन उभी राहिली, मी फोनवर बोलावलेला सर्पमित्र येऊन साप नेईपर्यंत हलली नाही. राळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आबाजींची बोटं उलटसुलट करून पाहिली. काबाडकष्टाच्या त्या हातांवर इतक्या चिरा होत्या की दाताची खूण कुठली आणि कपाशीच्या पऱ्हाटीची कुठली, देवाला सांगता आलं नसतं.

"चावला का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. त्याला जोडायला माझ्याजवळ दुसरा शब्द नव्हता.

चोवीस तास ठेवायचं ठरलं. माय आली, पोरगी आली. मायनं डबा उघडून आधी माझ्याच हातावर भाकर ठेवली, तेव्हा कुठं तोंड लपवावं कळेना. मी आबाजींना दर थोड्या वेळानं विचारायचो, "डोळे उघडा पाहू. बोटं किती?" ते कधी दोन म्हणायचे, कधी मुद्दाम अकरा म्हणायचे आणि माझा जीव खाली-वर करायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि जा म्हणाले. साप चावलाच नव्हता.

एस.टी.त पोरगी समोरच्या सीटवर बसून नखानं पान सहावरची पट्टी खरवडत होती. "लई घट्ट चिकटवलं, सर," ती मागे न पाहता म्हणाली. माझ्या बाजूला आबाजींची मान खिडकीवर कलली. पापण्या मिटल्या. डॉक्टरांचं बोलणं मला पाठ होतं, तरी मी त्यांचा खांदा हलवला.

डोळे उघडले. दोन्ही, पुरते.

"मास्तर, झोपू दे नं! कालपासून डोया लावू नाई दिला!"

"हो, झोपा, झोपा," मी म्हणालो, आणि त्यांना पुन्हा हलवायला पुढचा थांबा यायची वाट पाहत राहिलो.