अक्कानं पुढं केलेली माती

जत्रेच्या फडात अक्कानं पुढं केलेली आखाड्याची माती मी खंडोबाचा भंडारा समजून कपाळाला लावली. आखाड्याच्या मातीत हळद कालवतात, ती पिवळी दिसते, एवढंच काय ते माझ्या मूर्खपणाला निमित्त. पैलवानानं फिरवलेली माती जो घेईल त्यानं कुस्ती कबूल केली, हा रिवाज तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक होता. मी मात्र जालन्यात मस्तगडच्या गल्लीत वाढलेला, अंबडकडच्या त्या खेड्यात नुकताच रुजू झालेला मास्तर. वजन, चष्मा धरून, पंचेचाळीस किलो.

अक्का म्हणजे त्या टापूतली पैलवानबाई. माणूस भेटला की ती आधी त्याला नजरेनं तोलायची, आणि मापही ज्वारीच्या पोत्याचं. तलाठी तिच्या लेखी "सव्वा पोतं", सरपंच "पोतं, पण शिवण उसवलेली". शाळेच्या दारात मला पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "मास्तर, तुम्ही तर नुस्ता बारदाना हो, रिकामं पोतं!"

सात-आठ वर्षं ती हरली नव्हती, आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं. बाईला पाडलं तर कौतुक नाही, पडलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून तिची मूठ दिसली की भले भले गडी चपला शोधायला लागायचे. त्या वर्षी पंचांनी सांगूनच टाकलं होतं, "अक्का, आज जोड मिळाली न्हाई तर पुढल्या सालपासून तुमचं नाव बंद. लोकं हसून राह्यले."

दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या. तिसऱ्या फेरीला तिनं मूठ पुढं केली ती खरं तर माझ्या मागं बसलेल्या अंबडच्या पैलवानापुढं. मध्ये माझा हात गेला. "येळकोट येळकोट" म्हणत मी कपाळ पिवळं केलं.

"मास्तर, लंगोट हाय का?" अक्कानं विचारलं.

"कशाला?"

"मंग चला पायजम्यावरच."

तिनं मला कमरेला धरून उचललं, पण आपटलं नाही. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसं पाठीवर ठेवलं आणि कानात म्हणाली, "आता दम सोडा. कुस्ती झाली." चष्मा नाकावरून हललासुद्धा नव्हता.

हसून हसून लोक आडवे झाले. तेवढ्यात कुणीतरी अंबडच्या पैलवानाकडं बघून ओरडलं, "बारदान्यानं माती घेतली, अन् पोतं बसून राह्यलं!" गडी तिरीमिरीत उठला, अक्काची माती घेतली. दोघं बराच वेळ झुंजली. शेवटी ढाक टाकून तिनं त्याला अस्मान दाखवलं. पंचांनी पुढल्या सालचं आवतण फेट्याबरोबरच दिलं. त्यानंतर अक्का कितीतरी जत्रा गाजवत राहिली. गड्यांना नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. कुठल्याही फडात एकजण म्हणायचाच, "अरे, मास्तर लढला तिच्याशी!"

मीही ती गोष्ट हळूहळू दुरुस्त करून घेतली. लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं, अक्काची कुस्ती वाचावी म्हणून मी जाणूनबुजून माती घेतली.

पुढं गुडघे गेल्यावर अक्का अंगणात बाजेवर बसून नातींना डाव शिकवायची. एकदा आम्ही दोघं भेटायला गेलो. माझं पोट तोवर चांगलंच सुटलं होतं. पोरींसमोर मी सुरू केलं, "त्या दिवशी मी धाडस केलं म्हणून..."

अक्कानं हात वर केला. बायकोला म्हणाली, "सूनबाई, माझी कुस्ती ह्यांच्यामुळंच राह्यली, हे बराबर. पण माती कपाळाला लावून ह्यांनी मलाच विचारल्तं, नारळ कुठं फोडायचा म्हणून."

मग मला वरपासून खालपर्यंत तोललं.

"बारदाना भरला मास्तर. पण समदा भुसाच हाय."