काचेपलीकडे मिनू

बायांनो, जरा जवळ सरका. आणि तो फोन ठेवा बघू बाजूला! जोडलेले हात पाठवले की झाली प्रार्थना, असं असतं का? मीही तशीच होते म्हणा. विश्वास ओठांवर आणि भीती पोटात.

आमचा मराठी बायकांचा प्रार्थनेचा ग्रुप फोनवर भरतो. कुणी पर्थची, कुणी सिडनीच्या पेंडल हिलची, मी मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नची. फोन ओट्यावर उभा करायचा, आपला आवाज बंद ठेवायचा आणि डोळे मिटायचे, हा नियम. मला ते आवाजाचं बटण कधी जमलंच नाही. "मावशी, तुमचा कुकर आमच्याआधी आमेन म्हणतो!" पेंडल हिलची रूथ चिडवायची. तिची-माझी प्रत्यक्ष भेट कधीच नाही.

त्या दिवशी मुलगा-सून कामावर, आठ महिन्यांची नात मिनू पाळण्यात, गॅसवर दूध. प्रार्थना चालू असतानाच मी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेले आणि वाऱ्याने दार धाडकन लागून आपोआप लॉक झालं. किल्ली आत. बाजूच्या गेटला कुलूप. हाका मारल्या, शेजारी कुणी नाही. काचेतून दिसत होतं, दूध उतू गेलं, करपलं, धूर झाला, अलार्म किंचाळायला लागला. मिनूने टाहो फोडला. मी कुंडी आपटली, काच फुटेना. ओट्यावरच्या फोनमध्ये साऱ्याजणी डोळे मिटून बसलेल्या! आणि मग मिनूचा आवाजच थांबला. ती शांतता मला अजून झोपेतून उठवते. मी तिथेच गुडघे टेकले. "प्रभू, माझ्या हातात काही नाही. ती तुझी आहे." एवढंच निघालं तोंडातून.

किती वेळ गेला, कोण जाणे. अग्निशमनवाले कुंपणावरून उतरले, दार तोडलं आणि एकाने मिनूला आणून माझ्या कुशीत दिलं. "नो वरीज, लव," काळजी नको म्हणाला. रडून दमलेली पोर अंगठा चोखत होती.

फोनवर माझा आवाज नेहमीसारखाच चालू राहिला होता. अलार्म आणि माझा आक्रोश रूथने ऐकला. तिने मला नाताळचा फराळ पाठवला होता म्हणून माझा पत्ता तिच्यापाशी होता, तिनेच मदत बोलावली. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा, मी वाद घालत नाही. भीती गेली असंही नाही. दार आपटलं की अजून आधी किल्ली चाचपते. फक्त आता ती लपवत नाही, आहे तशी प्रभूच्या पायाशी ठेवते आणि आभार मानते.

रूथ, तूही वाचशीलच हे. मिनू आता धरून उभी राहते. फोनवरून काही तिला मांडीवर घेता येत नाही गं. लवकर ये.