शिट्टीसरांचे बिनहवेचे चेंडू

आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध द्यायचे : "मैदानाला दोन चकरा मार, बरं वाटेल!" गणितात नापास झाला, दोन चकरा. मैत्रिणीशी भांडून रडत आली, दोन चकरा. एकदा माझी दाढ ठणकत होती, तर मलाही चकराच सांगितल्या. मी इथली ग्रंथपाल. माझं ग्रंथालय आणि त्यांची खेळाची खोली यांच्यामध्ये नुसतं एक लाकडी पार्टिशन आहे, त्यामुळे गेली बावीस वर्षं त्यांच्या शिट्टीचं आणि माझ्या 'शांतता राखा' या पाटीचं युद्ध चालू आहे. पाटी एकदाही जिंकलेली नाही. मुलं त्यांना शिट्टीसर म्हणतात आणि आता मीही म्हणते. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही.

गेल्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मान काढलं. मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यायची, याचं प्रशिक्षण सगळ्यांनी तीन शनिवार घ्यायचं. शिक्षक, ऑफिसातले, शिपाई, कोणाचीही सुटका नाही.

"आमच्या लहानपणी काय मनं नव्हती?" शिट्टीसर कुरकुरले.

"होती की. विचारलं कोणी?" मी म्हटलं. खरं तर शनिवार बुडाल्याचा राग मलाही होताच.

शिकवायला आलेल्या बाई बुटक्या, हसऱ्या आणि इतक्या हळू बोलणाऱ्या, की मागच्या बाकांवरचे आपणहून पुढे येऊन बसले. त्यांनी जोड्या लावल्या. एकाने तीन मिनिटं मनातलं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. उपाय सुचवायचा नाही, स्वतःची कहाणी सुरू करायची नाही. माझ्या नशिबी शिट्टीसर आले. मी सांगायला लागले, की मुलगा नोकरीसाठी परगावी गेलाय, फोन करतो तो बाबांना, माझ्या वाट्याला येतं ते फक्त 'जेवलीस का?' माझा आवाज जरा कापायला लागला आणि तेवढ्यात, फुर्रर्र! सगळं सभागृह दचकलं.

"सवयीने वाजली हो," सर शिट्टी तोंडातून काढत म्हणाले. "आणि तुम्ही असं करा बाई, रोज सकाळी दोन चकरा..."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या शनिवारी त्या बाई स्वतःच विद्यार्थिनी झाल्या आणि सरांना विचारलं, "सर, कोणाला सांगणार नाही ना?" सरांनी छातीवर हात मारला. "गळ्याशपथ! मेलो तरी सांगणार नाही!"

बाईंनी मान हलवली. "आणि तिच्या जिवाला धोका असेल तर, सर? पाळता येणार नाही ते वचन द्यायचं नाही. 'गरज पडली तर मला सांगावं लागेल, पण तुझ्या पाठीमागे नाही, तुला बरोबर घेऊन', असं म्हणायचं."

सरांनी ते वाक्य धावण्याच्या वेळा लिहायच्या वहीत उतरवून घेतलं. पुढचा आठवडाभर पार्टिशनपलीकडून त्याचं पाठांतर माझ्या कानावर येत होतं.

प्रशिक्षण संपलं तसे सर मधल्या सुट्टीत शिट्टी खणात ठेवून, समोर रिकामी खुर्ची मांडून बसायला लागले. मुलं यायची, पण सर त्यांच्याकडे असे डोळे रोखून बघायचे, की न केलेला गुन्हासुद्धा कबूल करावासा वाटेल. "काही नाही सर," म्हणत मुलं पळून जायची. मग एके दिवशी सातवीतली एक मुलगी चेंडूत हवा भरायला बसली आणि पंप मारता मारता आपोआप बोलू लागली. हात कामात, नजर चेंडूवर, समोर बघायची सक्ती नाही. सरांच्या डोक्यात उजेड पडला.

त्यानंतर शाळेतले चेंडू बसायला लागले. मुख्याध्यापिकाबाईंना कळेना, सकाळी टणक असलेले चेंडू मधल्या सुट्टीपर्यंत मऊ कसे पडतात. मी पार्टिशनच्या फटीतून डोकावले, तर शिट्टीसर मांडीवर चेंडू घेऊन, त्याच्यात सुई खुपसून स्वतःच हवा सोडत होते. फुस्स!

"सर!"

"हळू बोला, बाई." बावीस वर्षांनी हे वाक्य ते मला म्हणत होते!

सरांचा सगळा जीव अडकला होता तो नववीतल्या वावटळीत. धावायला लागली की पाय दिसत नसत, म्हणून हे नाव. ती धावायची तेव्हा सर कडेकडेने ओरडत पळायचे, "गुडघे वर! गुडघे वर!" दीड महिन्यापासून ती मैदानावर येईना. डबा उघडेना, कोणाशी बोलेना. शेवटी सरांनी तिला बोलावून हातात पंप दिला. पलीकडे मी पुस्तकं लावायचं सोडून कान देऊन उभी होते, हे कबूल करते.

बराच वेळ नुसता पंप चालला. मग ती म्हणाली, "सर, कोणाला सांगणार नाही ना?"

सरांनी एक शपथ घेतली असती, तर पोरगी तिथेच मोकळी झाली असती. सरांनी घसा खाकरला. "गरज पडली तर सांगावं लागेल, बाळा. पण तुझ्या पाठीमागे नाही. तुला बरोबर घेऊन."

पंप थांबला. दार आपटलं.

सर माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "गेली, बाई. खोटं बोललो असतो तर बोलली असती." मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. सरांनी लगेच आमच्या शाळेच्या समुपदेशक बाईंच्या कानावर ही काळजी घातली. त्या म्हणाल्या, "खरं बोललात ना? मग दार उघडं ठेवा. लक्ष मीही ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सगळे चेंडू टणक भरून टाकले. त्यांचा हुरूपच गेला होता. मधल्या सुट्टीत ते रिकाम्या खुर्चीसमोर बसले होते आणि दारात वावटळ आली. काखेत कोराकरकरीत बास्केटबॉल, पार चपटा.

"सर, ह्यातली हवा गेलीय."

तो चेंडू सरांनी तीन तासांपूर्वी स्वतः भरला होता. तिच्या मुठीतून सुईचं टोक दिसत होतं. सरांनी ते पाहिलं.

"हो का?" ते म्हणाले. "बस. पंप घे."

या वेळी मी माझी खुर्ची उचलली आणि व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन बसले. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पुढचा तासही निम्मा गेला. मग दोघं बाहेर आले आणि समुपदेशक बाईंच्या खोलीकडे निघाले. ती पुढे चालत होती.

थोड्या वेळाने सर एकटे परत आले. डोळे लाल, चेहरा मात्र फुललेला. "बोलली, बाई. रोज उठावंसंच वाटत नाही म्हणाली. घरच्यांना बोलवायचं ठरलंय, तिला चालणार आहे. आणि मी मध्ये एक शब्द बोललो नाही! आता छातीत नुसती धडधड होतेय. काय करू?"

"दोन चकरा मारा," मी म्हटलं. "बरं वाटेल."

छप्पन्न वर्षांचा तो माणूस खरंच मैदानात उतरला. सुटलेलं पोट, पायात चामडी बूट. वर्गावर्गाच्या खिडक्या डोक्यांनी भरल्या, मुख्याध्यापिकाबाईही बाहेर आल्या. दुसऱ्या चकरेत सरांची गाडी बैलगाडीच्या वेगाला आली, तेव्हा समुपदेशक बाईंच्या खिडकीतून एक आवाज आला. दीड महिन्यात कोणी ऐकला नव्हता एवढा मोठा.

"सर! गुडघे वर! गुडघे वर!"

सरांनी गुडघे वर घेतले.