अकरा ठिकाणी

"हे कोन म्हनून राहिलं?"

वर्गात, चहाच्या टेबलाशी, कुठेही कुणी ठाम विधान केलं की ती हा प्रश्न विचारायची. आवाज न चढवता, मान किंचित तिरकी करून. भांडणाचा सूर नसे, तिला खरंच नाव हवं असे. एकदा बाहेरून आलेले एक प्राध्यापक व्याख्यानात म्हणाले की ग्रामीण स्त्रीला स्वतःच्या श्रमांची जाणीव नसते. मागच्या बाकावरून हाच प्रश्न आला. त्यांनी आधी एका पुस्तकाचं नाव सांगितलं, मग दुसऱ्याचं. ती वहीत लिहून घेत होती. लिहून झाल्यावर म्हणाली, "त्यायनं कोनत्या बाईले विचारलं होतं?" सभागृह हसलं. मीही हसलो.

नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या लिंगभाव अभ्यास केंद्रात ती एम.ए. करत होती. वय चाळिशीच्या पुढे. कन्हानहून बसने यायची. मुलीची बारावी झाली आणि आईने प्रवेश घेतला. वर्गातल्या पोरी मावशी म्हणू लागल्या तेव्हा तिने सांगून टाकलं, वर्गात नावाने हाक मारायची, मावशी म्हणायचं तर कन्हानला जेवायला यायचं. चौघी-पाचजणी खरंच जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशीही तिखटाच्या आठवणीने पाणी पीत होत्या.

मी त्या केंद्रात मुद्रितं तपासायला जात असे. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो होतो, प्रताप नगरच्या घरी दिवस सरत नव्हता. केंद्राची दरवर्षी विद्यार्थी संशोधन परिषद भरते आणि निबंधांची पुस्तिका निघते. ती माझ्या नजरेखालून जायची. गुरुजींकडून चूक सुटत नाही, अशी माझी ओळख संचालक बाई पाहुण्यांना करून देत. मला ते आवडायचं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

तिचा निबंध कन्हानच्या बायकांवर होता. अशा लेखनात खरी नावं देत नाहीत, म्हणून खोटं नाव तिने ज्या त्या बाईलाच निवडायला सांगितलं होतं. त्यामुळे तक्त्याच्या चौथ्या ओळीत 'कलेक्टर, वय बावन्न, भाजी विकते' असं होतं. मी हरकत घेतली.

"तिनं तेच सांगतलं, गुरुजी," ती म्हणाली. "मी कोन तिची बदली करनारी?"

निबंध हाती देताना तिने एकच विनंती केली. माझे ऱ्हस्व-दीर्घ खुशाल सुधारा, बायकांच्या तोंडचं मात्र तसंच ठेवा. मी शब्द दिला.

निबंधाचा सगळा जीव दोन प्रश्नांत होता. बाईला ती आधी विचारायची, 'तुम्ही काय करता?' उत्तर यायचं, 'काही नाही, घरीच रायते.' मग त्याच बाईला, त्याच जागी बसून, ती आपल्या बोलीत विचारायची, 'काय करून राहिल्या?' म्हणजे आत्ता, या घडीला. मग बाई सांगू लागायची. तांदूळ निवडून राहिली, सासूच्या पायाले तेल लावून राहिली, शेजारणीचं ब्लाउज शिवून राहिली. पहिला प्रश्न नोकरी विचारतो, दुसरा हातांकडे पाहतो, असं तिने लिहिलं होतं. सर्वेक्षणवाले पहिलाच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांच्या कागदावर या बायका रिकाम्या दिसतात.

मी अक्षरं वाचत होतो, अर्थ वाचत नव्हतो. उत्तरांना हात लावला नाही, ती बायकांची होती. प्रश्न तिचे होते. एकच प्रश्न दोन तऱ्हांनी लिहिलेला, त्यातली एक तऱ्हा अशुद्ध, एवढंच मला दिसलं. अकरा ठिकाणी 'करून राहिल्या' कापून मी 'करता' केलं. एकवाक्यता साधल्याचं समाधानही वाटलं. त्या वर्षी घाईमुळे विद्यार्थ्यांना मुद्रितं परत दाखवली गेली नाहीत.

केंद्राचं एक मोठं सर्वेक्षण सुरू व्हायचं होतं. त्यात तिला संशोधन सहायक म्हणून घ्यायचं संचालक बाईंच्या मनात होतं, फक्त परिषदेत परीक्षकांचा शेरा चांगला हवा होता. तिलाही ते ठाऊक होतं. ती निबंध मांडत असताना परीक्षक पुस्तिका चाळत होते. तिचं संपल्यावर ते म्हणाले, "छापलेल्या निबंधात तुम्ही एकाच बाईला एकच प्रश्न दोनदा विचारता आणि उलटसुलट उत्तरं देता. इथे बोलताना दुसरा प्रश्न वेगळा सांगता. खरं कोणतं?"

तिने पुस्तिका हातात घेतली. एक पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

मी चष्मा पुसू लागलो.

"छापतानी चुकलं असन," ती म्हणाली.

छपाईची चूक अकरा वेळा एकसारखी होत नाही, असं परीक्षक म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. मला उठून एक वाक्य बोलायचं होतं. शेवटच्या पानावर 'मुद्रितशोधन' या शब्दापुढे माझं नाव होतं. मी उठलो नाही. शेऱ्यात 'नोंदींबद्दल शंका' असं आलं आणि ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. आता चारचौघांत बोलेल, असं मला वाटलं. तिने हळूच विचारलं, "काहून, गुरुजी?"

"ते अशुद्ध होतं," मी म्हणालो.

"तुमची आई कशी बोले?"

माझी आई तिच्यासारखीच बोलायची. शाळेत जाऊ लागल्यावर मी आईलाही सुधारत असे. हे मी तिला सांगितलं नाही. बाईंकडे तिने माझं नाव घेतलं नाही, हे मला बाईंच्या वागण्यावरून कळलं. पुढची कितीतरी वर्षं त्या पाहुण्यांना माझी तीच ओळख करून देत होत्या.

एम.ए. पूर्ण करून ती गेली. सर्वेक्षण पार पडलं, त्याचा अहवाल तपासायला माझ्याकडेच आला. प्रश्न पहिला: आपण काय करता? त्याखाली रकानेच्या रकाने: काही नाही, काही नाही, काही नाही. मी तो बारकाईने तपासला. त्यात एकही चूक नव्हती.

यंदा मी कन्हानला गेलो. तिच्या घरात दुसरं बिऱ्हाड होतं. मुलीला हैदराबादला नोकरी लागली, आईही तिच्यासोबत गेली, असं शेजारणीने सांगितलं आणि मुलीचा नंबर दिला. मी फोनवर माझं नाव सांगितलं, काय केलं होतं तेही सांगितलं. मुलगी आत जाऊन विचारून आली.

"आई म्हणते, आता राहू द्या."

मी संचालक बाईंना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी खणातून कपाटाची किल्ली काढली. मग म्हणाल्या, त्या पुस्तिकेच्या सात प्रती कपाटात असतील. महाल भागातल्या एका दुकानात मी शुद्धिपत्र टाइप करायला दिलं: 'अशुद्ध'खाली 'करता', 'शुद्ध'खाली 'करून राहिल्या'. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमचे रकाने उलटे झाले. अशुद्ध तिकडं पायजे." मी म्हटलं, बरोबर आहे, असंच छाप.

सातही प्रतींत ते चिकटवून आलो. पण परिषदेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं आणि प्रत्येकाने एक पुस्तिका घरी नेली होती. तुमच्यापैकी कुणी तिथे असाल. पुस्तिका सापडली तर कन्हानच्या बायकांचा निबंध काढा. जिथे एकच प्रश्न दोनदा आलेला दिसेल, तिथे दुसरा खोडा आणि वर लिहा, काय करून राहिल्या. असं अकरा ठिकाणी करावं लागेल. शेवटच्या पानावर माझं नाव आहे, ते खोडू नका.