शिवा पुढं थांबत नसे

रविवारी सकाळी मिरजेच्या मैदानावर फुटबॉल खेळून झालं की आम्ही चहाच्या गाड्यावर तासभर बसतो. गोलांची चर्चा पाच मिनिटांत संपते, उरलेला वेळ किश्श्यांचा. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. आमच्याकडचे निम्मे किस्से शिवाचे आहेत. सुरुवातीला सगळे हसतात, पण शेवटी कोणीतरी ‘चला, कामं हायत’ म्हणत अर्धा चहा टाकून उठतोच.

*

शिवा कुपवाडला फाउंड्रीत कामाला. मूळचा जतकडचा, घरी मेंढरं. उंची सहा फूट. रेल्वेतून रिटायर झालेले माने सर आमचे कोच. उंची बघून त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला नऊ नंबरचा शर्ट दिला आणि सगळ्यात पुढं उभं केलं. पाच मिनिटांत गडी सेंटर लाइनच्या अलीकडं आला.

सरांनी ओरडून घसा बसवून घेतला. हाफटाइमला म्हणाले, “अरे, तू स्ट्रायकर आहेस. मागं काय करतोस?”

शिवा म्हणाला, “सर, मेंढरांच्या म्होरं चालणाऱ्याला मेंढरं दिसत न्हाईत.”

सेकंड हाफला तो परत मागं आला. समोरच्या टीमचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोर राखण करणारा गडी, त्याच्यामागं ओढला गेला आणि गोलसमोर मोठी जागा मोकळी पडली. मी विंगवरून त्या जागेत घुसलो, शिवानं बॉल दिला, गोल. पुढच्या रविवारी सर हेच आम्हाला शिकवत होते, जणू आयडिया त्यांचीच!

*

तासगावच्या टीमचा स्टॉपर बेदाण्याचा व्यापारी होता. अंगानं दणकट, पण हुशार. तो शिवाच्या मागं गेलाच नाही, जागा धरून राहिला. मॅच संपल्यावर माझ्याकडं आला.

“तुमच्या पुढच्या गड्याला सांगा, एवढं चिकटून उभं ऱ्हाऊ नगंस म्हणावं. सारखा मानंवर श्वास सोडतोय.”

मी म्हणालो, “आवं, आमचा पुढचा गडी सगळी मॅच मधी खेळला की. त्यो बघा, पाणी पितोय.”

त्यानं शिवाकडं नीट बघितलं. “ह्यो न्हवं,” म्हणाला. मग मान पुसत पुसत गाडीकडं गेला.

*

साताऱ्याला आमचा एक गोल ऑफसाइड दिला. लाइन्समन तिथल्या शाळेतले पीटीचे सर. माने सर तावातावानं गेले. “कोण ऑफसाइड होता, दाखवा.”

“तो काय, गोलसमोर एकटाच उभा होता.”

“नंबर सांगा.”

पीटीचे सर सांगायला गेले आणि थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, “नंबर पाठीवर असतो ना. त्यानं पाठ केलीच नाही. सगळा वेळ माझ्याकडंच बघत होता.”

गोल काही मिळाला नाही. माने सरांनीही परत विषय काढला नाही.

*

आमचा गोलकीपर सलीम मिरजेत तंबोरे बनवतो. कान असा, की पावलांच्या आवाजावरून कोण पळतंय ते सांगतो. एकदा प्रॅक्टिसला आम्ही त्याची परीक्षा घेतली. त्याला पाठमोरं उभं केलं आणि सहा जण पळालो.

“सात,” सलीम म्हणाला.

आम्ही हसलो. सरांनी शिवाला खाली बसवलं. पाच जण पळालो.

“सहा.”

सलीमनं स्वतःच वळून आम्हाला मोजलं. दोनदा मोजलं. मग ग्लोव्हज काढले आणि म्हणाला, “सर, आज बास करूया.”

*

त्या दिवशी मी शिवाला गाडीवरून कुपवाडला सोडत होतो. वाटेत विचारलं, “शिवा, खरं सांग. तू मागं का येतोस?”

तो फाउंड्रीच्या गेटपाशी उतरल्यावर म्हणाला, “गड्या, मेंढरांचं मी सरांना आपलं उगंच कायतरी सांगितलं बघ. तिथं पुढं मला जागाच न्हाई. उभा ऱ्हायलो की कुणाच्या तरी अंगाला अंग लागतंय. मग मीच सरकतो.”

तो आत गेला. मी गाडी चालू करायची विसरून तसाच बसलो होतो.

*

गेल्या हिवाळ्यात शिवाचा गुडघा गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद सांगितला. सांगलीच्या टीमबरोबर आमची स्पर्धेतली मॅच होती, हरलो की बाहेर. सरांनी नऊ नंबर मला दिला. शिवा बाहेर कुबडी घेऊन बसला होता.

मी ठरवलं होतं, काही झालं तरी पुढंच थांबायचं. दहा मिनिटं थांबलोसुद्धा. उन्हातही डावा दंड गार पडला, मग खांदा. मी एक पाऊल मागं आलो, मग दुसरं, आणि कधी मैदानाच्या मधे पोचलो ते कळलं नाही. त्यांचा स्टॉपर मात्र गोलसमोरच राहिला.

शेवटची दोन मिनिटं राहिली. स्कोअर बरोबरीत. बॉल माझ्याकडं आला, मी मान वर केली. स्टॉपरच्या शेजारी कोणीतरी हात वर करून बॉल मागत होतं. विचार न करता मी पास दिला आणि पळालो. पळता पळता लक्षात आलं, आमची सगळी पोरं माझ्या मागं आहेत.

बॉल परत आला. बरोबर माझ्या उजव्या पायावर, अलगद. मी मारला. गोल.

आमची पोरं अंगावर पडली. मी त्यांच्यातून शिवाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. खाली मान घालून बसला होता.

मॅच संपल्यावर त्यांचा स्टॉपर हसत आला. माझा हात हातात घेतला, “भारी खेळलासा,” म्हणाला. मग माझ्या डाव्या बाजूला वळला, हात पुढं केला, दोनदा हलवला आणि परत माझ्याकडं बघून म्हणाला,

“तुमचा ह्यो गडी बोलत न्हाई व्हय?”